संगणकाच्या पेटीतला वारा

कोकणातल्या जुन्या घरात पुढच्या दारात उभे राहिले की बहुधा थेट मागच्या परसापर्यंत नजर जाते. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी. सारी दारे एका ओळीत. पाहुणा दारात आला की त्याला मागची केळ दिसायची आणि केळीखाली भांडी घासणारे माणूसही दिसायचे. ज्या गवंड्यांनी ही घरे बांधली त्यांनी वाऱ्यावर पुस्तके वाचली नव्हती. पण एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. वाऱ्याला आत यायला वाट दिली एवढ्याने भागत नाही, त्याला बाहेर जायलाही वाट लागते. एकच दार असलेल्या खोलीत समुद्राकाठी बसूनसुद्धा माणूस घामाघूम होतो.

आज मी ज्या घराविषयी बोलणार आहे ते जेमतेम दीड फूट उंचीचे आहे. संगणकाचे कॅबिनेट. बाजारात त्याला कॅबिनेट म्हणतात. मी आपला पेटी म्हणेन, रत्नागिरीत तो शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

मी भूगोल शिकवतो. तेव्हा यंत्रांच्या विषयात ह्या गृहस्थांचे काय काम, असे कोणाच्या मनात येईल. काम असे पडले की अलीकडे आमच्या विषयातली मुले नकाशे हाताने काढीत नाहीत. उपग्रहांनी टिपलेली चित्रे घेतात, क्यूजीआयएससारखी मोफत प्रणाली घेतात आणि भाट्याची वाळू गेल्या वीस वर्षांत किती सरकली ह्याचा हिशेब संगणकाकडून करून घेतात. हा हिशेब रात्रभर चालतो. त्यासाठी चांगले यंत्र लागते, आणि चांगले यंत्र तयार विकत घेणे परवडत नाही म्हणून मुले सुटे भाग आणून घरीच जोडतात. चाळीस-पन्नास हजारांचा मामला असतो. कोणाच्या आईने भिशीचे पैसे दिलेले असतात, कोणी दोन हंगाम आंब्याच्या बागेत राखण केलेली असते. असे यंत्र ऐन मार्चमध्ये, प्रकल्प द्यायच्या आठवड्यात, मंदावते किंवा अचानक बंद पडते. दुकानदार सांगतो, पाण्याचे कूलिंग बसवा, आणखी सहा-आठ हजार काढा. गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी हाच प्रश्न घेऊन आली : सर, काढू का? त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हे भाषण तयार झाले आहे.

प्रथम उष्णता येते कुठून ते पाहू. संगणक जी वीज खातो तिचे जवळजवळ सगळ्याचे शेवटी उष्णतेत रूपांतर होते. तो दळण दळीत नाही की पाणी उपसत नाही; त्याचे काम विचाराचे, आणि त्याच्या विचाराचा शेवट उष्णतेतच होतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो संगणक कामाला लागला आणि ज्याला १९६२ साली टिफ्रॅक हे नाव मिळाले, त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. प्रत्येक नळीच्या पोटात तापलेली तार. त्याआधी १९४६ साली अमेरिकेत लोकांपुढे आलेला एनिॲक तर सुमारे दीडशे किलोवॅट वीज खाई आणि त्याच्यासाठी मोठाले ब्लोअर लावावे लागत. पुढे नळ्या गेल्या, चकत्या आल्या, यंत्र टेबलावर मावू लागले, आणि मध्यंतरीची काही वर्षे तर अशी गेली की प्रोसेसरला पंखा लागतच नसे. १९९३ साली आलेला पहिला पेंटियम सुमारे पंधरा वॅट खाई. तेथपासून प्रोसेसरवरचा पंखा घरोघर दिसू लागला. आज मध्यम प्रतीचा प्रोसेसर पासष्ट वॅटचा म्हणून विकला जातो, मोठे प्रोसेसर जोरात असताना अडीचशे वॅटपर्यंत जातात आणि मोठी ग्राफिक्स कार्डे साडेचारशेच्याही पुढे. सगळी मिळून एका पेटीत, म्हणजे आपल्याकडच्या विद्यार्थ्याच्या साध्या पेटीत, भर कामात तीनशे वॅट धरायला हरकत नाही. तीन जुने शंभराचे दिवे एका खोक्यात कोंडले आणि झाकण लावले असे समजा.

ही उष्णता दोन टप्प्यांत बाहेर पडते. पहिला टप्पा प्रोसेसरपासून पेटीतल्या हवेपर्यंत. त्यासाठी प्रोसेसरवर धातूच्या पात्यांचा हीटसिंक असतो, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो आणि वर पंखा. दुसरा टप्पा पेटीतल्या हवेपासून खोलीतल्या हवेपर्यंत. लोकांचे सगळे लक्ष पहिल्या टप्प्यावर. मोठा हीटसिंक, भारी पेस्ट, रंगीत दिव्यांचा पंखा. दुसरा टप्पा मात्र वाऱ्यावर सोडलेला, आणि तोही न वाहणाऱ्या. पेटीतली हवाच जर पंचावन्न-साठ अंशांवर गेली तर सोन्याचा हीटसिंक बसवूनही काय होणार? तो त्याच तापलेल्या हवेने आंघोळ करणार.

येथे थोडा हिशेब करू. आकडे सोपे आहेत. आपल्याकडची एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला साधारण ११५० ज्यूल लागतात. म्हणजे तीनशे वॅट उष्णता वाहून नेताना हवा दहाच अंशांनी तापावी असे वाटत असेल तर दर सेकंदाला सुमारे २६ लिटर हवा पेटीतून गेली पाहिजे. दोन मोठ्या घागरी, दर सेकंदाला! पंख्याच्या खोक्यावर हे माप मिनिटाला घनफूट असे देतात; त्या मापात हे सुमारे ५५ होतात. १२० मिलिमीटरच्या साध्या पंख्याच्या खोक्यावर पन्नास-साठ असा आकडा असतोच. मग एका पंख्याने काम झाले का? नाही. तो आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे जाळी, मध्ये वायरींचा गुंता, मागे छिद्रांचा पत्रा, एवढ्यांतून वाट काढताना त्याचा अर्धासुद्धा हाती लागत नाही कित्येकदा. म्हणून दोन पंखे पुढे आत घेणारे आणि एक मागे बाहेर टाकणारा, एवढी सोय साध्या यंत्राला पुरेशी होते. तीन पंखे. सहा नव्हेत, नऊ नव्हेत.

आता समजा, पेटीचे पुढचे तोंड काचेचे आहे आणि हवेला बाजूने बोटभर फट आहे. अलीकडे अशा पेट्यांची फॅशन आहे, दिसायला देखण्या. हवा तिसऱ्या हिश्शावर आली की तीच उष्णता तिला दहाऐवजी तीस अंशांनी तापवते. मार्चच्या दुपारी खोलीत ३८ अंश असले तर पेटीतून निघणारी हवा ६८ अंश होते. प्रोसेसर पेटीतल्या हवेहून पस्तीस-चाळीस अंश अधिक तापणार, म्हणजे शंभरी पार. बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आपण होऊन वेग कमी करतात, जळू नये म्हणून. यंत्र मंदावले असे मुले म्हणतात ते हेच. यंत्र बिघडलेले नसते, ते उन्हात माणूस सावली धरतो तसे सावली धरून बसलेले असते.

मार्चची दुपार मी मुद्दाम घेतली. रत्नागिरीत सर्वांत जास्त उकडते मे महिन्यात, हे आपल्या अंगाचे मत आहे. तापमापकाचे मत निराळे. मेमध्ये समुद्रावरचा खारा वारा सकाळीच सुरू होतो, पारा ३२-३३ च्या फार पुढे जात नाही. आपल्याला जे नकोसे होते ते दमटपणामुळे. फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये मात्र काही दिवस पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो, खारा वारा दुपारपर्यंत अडून राहतो आणि पारा ३८-३९ वर चढतो. हवा कोरडी असल्यामुळे माणसाला ते तितके जाणवतही नाही. संगणकाला जाणवते. कारण माणसाला पंख्याखाली गार वाटते ते घाम वाळतो म्हणून, आणि संगणकाला घाम येत नाही. पंखा हवा गार करीत नाही, फक्त हलवतो. खोलीत ३८ अंश असतील तर पेटीतला कोणताही भाग कितीही पंख्यांनी ३८ च्या खाली येणार नाही. पाण्याच्या कूलिंगलाही हाच नियम. ते पाणी नळ्यांतून फिरून रेडिएटरमध्ये येते आणि तेथे पुन्हा पंख्यानेच, खोलीतल्याच हवेला, आपली उष्णता देते. पाणी हा हमाल आहे. हमाल बलदंड असला तरी त्याला ओझे उतरवायला जागा लागतेच. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली उभारलेल्या परम ब्रह्म महासंगणकात पाणी थेट भागांपर्यंत नेऊन थंडावा दिला जातो, आणि तेथे ते शोभते. तेथे शेकडो प्रोसेसर खांद्याला खांदा लावून बसलेले असतात. एका पासष्ट वॅटच्या प्रोसेसरसाठी सहा-आठ हजार खर्च करणे म्हणजे एका घागरीसाठी विहीर खणण्यासारखे. त्या विद्यार्थिनीला मी नाही म्हणून सांगितले.

मग तिच्या यंत्राचे दुखणे काय होते? पेटी उघडून पाहिली. चार पंखे होते, झगमगीत. पुढचे दोन हवा बाहेर टाकीत होते, वरचा बाहेर टाकीत होता आणि मागचाही बाहेर टाकीत होता. जोडणाऱ्याने दिव्यांची शोभेची बाजू पुढे यावी म्हणून पुढचे पंखे उलटे बसवले होते. म्हणजे चार दारांतून माणसे बाहेर पडताहेत आणि आत यायला दारच नाही. हवा येत होती ती फटींतून, स्क्रूच्या भोकांतून, यूएसबीच्या खाचांतून. तिच्याबरोबर जांभ्याची तांबडी धूळ. पेटीच्या आतल्या कडांना तांबड्या रेषा उमटल्या होत्या. धूळ कोठून शिरते ते त्या रेषाच सांगत होत्या. आणि ही पेटी टेबलाच्या खालच्या खणात, मागे लाकडी फळी असलेल्या. मागून निघालेली गरम हवा फळीवर आपटून पुन्हा पुढे.

पंख्याची दिशा ओळखणे अगदी सोपे आहे. पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीचे आडवे दांडे आणि मधोमध कागदी लेबल असते त्या बाजूने हवा बाहेर पडते. मोकळ्या पात्यांच्या बाजूने ती आत ओढली जाते. काही पंख्यांच्या कडेला बाणही असतात. एवढ्यावर विश्वास नसेल तर उदबत्ती लावावी. धूर कोठे ओढला जातो आणि कोठून फेकला जातो ते एका मिनिटात दिसते. मी तर म्हणेन की नवी पेटी जोडली की झाकण लावून, यंत्र चालू करून, एकदा उदबत्ती फिरवाच. घरच्यांना वाटेल पूजा चालली आहे, वाटू द्या. फक्त उदबत्ती बाहेरून फिरवायची, राख आत जाऊ द्यायची नाही, आणि दोन मिनिटांत आवरायचे, कारण धूरही शेवटी आत जाऊन बसतोच.

उदबत्तीने आणखी एक गोष्ट कळते. पेटीच्या बारीक फटींशी धूर नेला आणि तो बाहेर ढकलला गेला तर पेटीत हवेचा दाब थोडा जास्त आहे. आत ओढला गेला तर कमी. आपल्याकडे तो थोडा जास्त असलेला बरा. त्यासाठी आत घेणाऱ्या पंख्यांचे बळ बाहेर टाकणाऱ्यांहून थोडे जास्त ठेवायचे. मग हवा जाळीतूनच येते आणि फटींतून फक्त बाहेर जाते. जाळी धुता येते, फटी धुता येत नाहीत.

गरम हवा वर जाते, म्हणून पंखे वरच हवेत, असे पुष्कळ जण सांगतात. हवा वर जाते हे खरे आहे, आमच्या विषयाचा तो पायाच आहे; खारे वारे आणि मतलई वारे त्यावरच चालतात. पण तेथे उंची शेकडो मीटरची असते. दीड फुटाच्या पेटीत, आत-बाहेर दहा अंशांचा फरक धरला तरी, हे वर जाण्याचे बळ पंख्याच्या बळाच्या शंभराव्या हिश्शाइतकेही भरत नाही. पंखा जिकडे ढकलील तिकडे हवा जाते. तेव्हा वरून आत आणि खालून बाहेर अशी उफराटी सोय मुद्दाम करू नये एवढेच. पण वर पंखा नसला म्हणून आकाश कोसळत नाही. उलट, वरच्या पत्र्याला पुढच्या बाजूस बाहेर टाकणारा पंखा लावला तर तो पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आतच उचलून बाहेर फेकतो. ताटातला घास तोंडाशी यायच्या आत कावळ्याने न्यावा तसे. लावायचाच तर वरचा पंखा मागच्या कोपऱ्यात लावावा. प्रोसेसरवरच्या उभ्या हीटसिंकचा पंखाही मागच्या दाराकडे तोंड करून हवा, म्हणजे पुढचे, मधले आणि मागचे एका रांगेत येतात. जुन्या घरातल्या दारांसारखे.

वायरी एसएमपीएसच्या बाजूच्या कप्प्यातून मागे घ्याव्यात. त्याविषयी फार सांगण्यासारखे नाही.

वेगाबद्दल मात्र सांगितले पाहिजे, कारण रात्री घरात यंत्र चालवायचे तर आवाजावरून भांडणे होतात. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते. पण त्याला लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाज सुमारे पंधरा डेसिबलने वाढतो. म्हणून एक छोटा पंखा पिसाटल्यासारखा फिरवण्यापेक्षा दोन मोठे पंखे सावकाश फिरवणे केव्हाही चांगले. १४० मिलिमीटरचे मावत असतील तर तेच घ्यावेत. चार पिनांचे पंखे घेतले तर मदरबोर्ड तापमान पाहून त्यांचा वेग आपणच कमी-जास्त करतो. तीन पिनांच्या पंख्यांचा वेग विजेचा दाब कमी-जास्त करून बदलता येतो, पण फार खाली आणता येत नाही. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये साठ अंशांपर्यंत पंखे हळू, ऐंशीला जोरात, अशी उतरंड लावून ठेवली की रात्री घर शांत राहते आणि यंत्रही.

हे झाले उन्हाळ्याचे. कोकणात खरा प्रश्न पुढे आहे.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता पाऊणशे टक्क्यांवर गेली की विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्यामुळे ते त्याआधीच ओलसर होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आपल्या गावात जून ते सप्टेंबर आर्द्रता पाऊणशेच्या वरच असते म्हणाना. आणि मीठ केवळ बरणीत नसते. मांडवीला, मिरकरवाड्याला, राजिवड्याला राहणाऱ्यांच्या खिडकीच्या गजांना विचारा. लाटा फुटतात, तुषार उडतात, पाणी वाळते आणि मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर घरात येतात. पेटीचे पंखे दर सेकंदाला घागर-दोन घागरी ही हवा आत घेतात. जाळी धूळ अडवते, पण मिठाचे अगदी बारीक कण तिला जुमानत नाहीत. ते मदरबोर्डवर जाऊन बसतात, आर्द्रता वाढली की ओले होतात, आणि खारट ओलावा म्हणजे विजेला चोरवाट आणि तांब्याला हिरवा गंज. आपली यंत्रे उष्णतेने मंदावतात, पण मरतात ती बहुधा गंजाने.

मग पावसाळ्यात यंत्र झाकून बंद ठेवावे का? पुष्कळ जण तेच करतात. जूनमध्ये प्लास्टिक गुंडाळतात, गणपतीला उघडतात आणि यंत्र सुरू होत नाही. वस्तुतः चालू यंत्र हे पावसाळ्यात घरातले सर्वांत कोरडे ठिकाण असते. खोलीतली हवा २७ अंशांची आणि ९० टक्के आर्द्रतेची आहे असे धरा. तीच हवा पेटीत ३७ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता एकावन्न-बावन्न टक्क्यांवर येते. पाणी तेवढेच असते, पण हवेची ते पोटात ठेवण्याची ताकद वाढलेली असते. आपल्या आज्या आगपेटी आणि सोले चुलीच्या वरच्या फळीवर ठेवीत, त्यामागे हेच होते. तेव्हा पावसाळ्यात यंत्र रोज निदान तासभर चालवावे. काम नसले तरी चालवावे. विजेच्या बिलात त्याचे जे काही रुपये येतील ते मदरबोर्डपेक्षा स्वस्त पडतात.

गावाला जायचे आणि महिनाभर घर बंद राहायचे असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा यंत्र तासभर चालवून, गरम आणि कोरडे असतानाच बंद करावे, प्लग काढावा आणि जाड प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या चांगल्या पाव-अर्ध्या किलोच्या पुड्यांसह बंद करावे. चपलांच्या खोक्यात येते तेवढ्या चिमूटभर पुडीने काही होत नाही.

ज्यांच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे त्यांना एक निराळाच धोका आहे. खोली बाविसावर गार झालेली आहे, संगणक बंद आहे, रात्री जेवण झाल्यावर एसी बंद करून कोणी खिडकी उघडली. बाहेरची २७ अंशांची दमट हवा आत आली. ह्या हवेचे दवबिंदू पंचवीस अंशांच्या आसपास असते. बाविसाच्या गार धातूवर तिचे पाणी होते, गार ताकाच्या भांड्याला बाहेरून घाम येतो तसे. म्हणून एसीच्या खोलीत खिडकी उघडायची असेल तर आधी संगणक चालू असू द्यावा, किंवा यंत्र खोलीच्या हवेइतके कोमट होईपर्यंत खिडकी बंदच असू द्यावी. दुकानातून नवे यंत्र गार मोटारीतून घरी आणले असेल तर खोके न फोडता दोन तास ठेवून द्यावे. मुलांना तेवढा धीर नसतो हे मला ठाऊक आहे.

पेटी ठेवायची कोठे, हा प्रश्न ह्या सगळ्याशी बांधलेला आहे. पश्चिमेच्या खिडकीखाली नको. खारा वारा पहिल्यांदा तेथेच येतो. जमिनीवर नको, पावसाळ्यात फरशीला ओल येते, आणि खालून हवा घेणारा एसएमपीएस फरशीवरची सगळी धूळ ओढून घेतो. टेबलाच्या बंद खणात तर नकोच. नाचणे, शिरगावकडे, समुद्रापासून आत राहणाऱ्यांना मिठाचा त्रास कमी, पण तेथे जांभ्याच्या धुळीचा जास्त. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीशी, हातभर उंच स्टुलावर, मागे वीतभर जागा सोडून ठेवलेली पेटी सर्वांत सुखी. मागच्या मोकळ्या खाचांना पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्या हरवू देऊ नयेत. त्या फटींतून पाल आत जाते. तिला उबेची जागा आवडते, आणि एसएमपीएसमध्ये शिरलेली पाल स्वतः मरते आणि यंत्रालाही घेऊन जाते. हे हसण्यावारी नेऊ नका. इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही कारागिराला विचारा.

त्या विद्यार्थिनीच्या यंत्राला शेवटी खर्च आला एका पंख्याचा. पुढचे दोन उलटून आत घेणारे केले, वरचा काढून टाकला, मागचा बदलून १४०चा लावला, पेटी खणातून काढून स्टुलावर ठेवली आणि काचेचे पुढचे तोंड काढून त्याजागी बारीक जाळी बांधली. शोभा गेली खरी. तिच्या धाकट्या भावाने त्याबद्दल दोन दिवस अबोला धरला. पण भाट्याच्या वाळूचा हिशेब मार्चच्या त्याच उकाड्यात रात्रभर न थांबता चालला आणि प्रकल्प वेळेवर आला.

जाळी उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी धुवावी. पाण्याने धुवून, पूर्ण वाळवून मगच लावावी. सगळी पेटी उघडून साफ करायला वर्षातून दोन दिवस ठरवून घ्यावेत, आणि ते आपल्या पंचांगात आयतेच आहेत. एक शिमग्याच्या आधी, म्हणजे मार्चचा उकाडा यायच्या आत. दुसरा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. खंडेनवमीला यंत्राला फूल वाहतातच, तर आदल्या दिवशी त्याचे झाकण उघडायला काय हरकत आहे? प्लग काढून घ्यावा, पेटी पडवीत आणावी, मऊ कोरड्या ब्रशने हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ सैल करावी आणि ब्लोअरने उडवावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवायचे. तसे न केले तर वाऱ्याच्या झोताने पंखा नेहमीच्या कितीतरी पट वेगाने गरगरतो, त्याचे बेअरिंग खिळखिळे होते, आणि पुढे आठवड्याभराने तो घरघर करू लागतो.